निरोपाचा विडा

१

मिठागरावर राहायचं म्हणजे हातातला झाडू सुटत नाही. सकाळी घर झाडून घ्या, दुपारपर्यंत जमिनीवर पुन्हा पांढरं मीठ फुललेलं असतं. शेणानं सारवलं तरी खालून वर येतं. लग्न होऊन त्या खोलीत आले तेव्हा पहिले आठ दिवस मी मिठाला शिव्या घातल्या. नवव्या दिवशी दमले आणि म्हटलं, फुल बाबा, तुझंच राज्य आहे.

खोली एकच, पण दारं दोन. पुढचं दार खाडीकडे. त्यातून पलीकडच्या काठावरचा आमचा कोळीवाडा दिसायचा, माझ्या बाची होडीसुद्धा ओळखू यायची. मागचं दार भातखाचरांकडे. त्यातून अनंताचं गाव दिसायचं. अनंता म्हणजे माझा नवरा, आगऱ्याचा मुलगा, मिठागराचा राखणदार. मी केसर, हरेश्वर कोळ्याची एकुलती एक. त्याच्या गावानं आम्हाला घरात घेतलं नाही आणि माझ्यानंही नाही. म्हणून आम्ही मध्ये, बांधावरच्या त्या खोलीत.

रोज सकाळी मी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन उरणच्या बाजाराला जायची आणि दुपारी परत यायची. फाल्गुन लागला होता. त्या दिवशी कडी काढून आत आले तर जमिनीवर नेहमीसारखं मीठ फुललेलं. पण दोन्ही भिंतींच्या कडेनं ते पुसलं गेलं होतं. सरसकट नाही, ठिकठिकाणी, पाट मांडावा तेवढं. खाडीकडच्या भिंतीशी एक ओळ, शेताकडच्या भिंतीशी दुसरी. मधली जागा पांढरीशुभ्र, तिच्यावर एका पावलाचा ठसा नाही.

पंगत उठल्यावर जमीन दिसते, तशी ती दिसत होती.

मी काय केलं? झाडू घेतला. जुनी जमीन आहे, ओल कुठे धरते, कुठे सोडते, त्यात काय एवढं! खाडीकडच्या जागा हाताला ओल्या लागल्या. शेताकडच्या ओळीत अगदी दाराशी असलेल्या जागेत चिखल पडला होता, टाचेएवढा. तो मी विळ्यानं खरवडून काढला. अनंताचा पाय असणार, असं मनाशी ठरवून टाकलं. अनंता पहाटेपासून आगराच्या दुसऱ्या टोकाला होता हे मला ठाऊक होतं, पण ठरवलं की ठरवलं.

२

आमच्या लग्नाचं सांगायलाच हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

साल छप्पन्न. तिकडे मुंबई कुणाची यावरून आग पेटली होती, इकडे केसर कुणाची यावरून. आगरी आणि कोळी एकाच खाडीच्या दोन काठांना राहतात. ते आमची मासळी खातात, आम्ही त्यांचा तांदूळ खातो. पण पोरगी देणं-घेणं? शिव शिव! माझे सासरे अंबाजी चारचौघांत म्हणाले होते, "नांगर धरणाऱ्याच्या घरात जाळ्याचा वास नको." हे ऐकून मला हसू आलं होतं, कारण त्यांच्या घरात सुक्या बोंबलाशिवाय कुणाच्या घशाखाली भाकर उतरत नव्हती.

माझ्या बाचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. मी चार वर्षांची असताना माझी आई बाळंतपणात अडली. दोन दिवस अडली. अनंताची आजी काशी ही दोन्ही काठांवरची नावाजलेली सुईण. बानं तिला सांगावा धाडला. ती आली नाही. आई गेली, पोटातलं बाळही गेलं. अंबाजींचं म्हणणं, काशीआजी घरातून निघाली होती, पण उधाणाच्या पाण्यानं वाट बुडाली म्हणून खाडीवरून मागे फिरली. बाचं म्हणणं, तिला कोळणीच्या घरी यायचंच नव्हतं. काशीआजीला विचारावं, तर तीही त्याच पंधरवड्यात तापानं गेली. दोन घरं त्या एका प्रश्नावर वीस वर्षं दात धरून बसली होती आणि मी नेमकी तिच्याच नातवाच्या प्रेमात पडले. आगराच्या पाळीवर पाटी खाली ठेवून घटकाभर दम खायला बसायची मी, आणि हा तांब्या घेऊन यायचा. पाण्यातून सुरुवात झाली, दुसरं काय.

आमच्यात लग्न लावते ती धवळारीण. ती गाणी म्हणते, तीच भटजी. दोन्ही गावांतल्या धवळारणींनी अंग झटकून टाकलं. शेवटी मनुबाई आली. सत्तरीची, कंबरेत वाकलेली, कुणाच्या बापाला न भिणारी. हळद लावायच्या आधी देवांना, गावच्या वेशीला आणि घरातल्या मेलेल्या माणसांना नाव घेऊन आवतण द्यायचं असतं. मनुबाईनं आमच्या खोलीपुढच्या मांडवात नजर फिरवली. आम्ही दोघं, अनंताचे दोन सोबती, मासळी बाजारातली रतन. बस.

"जिती माणसं न्हाय आली ना? न्हाय तर न्हाय," ती म्हणाली. "मेलेली तरी येतील. मांडव रिकामा बरा दिसत न्हाय."

आणि तिनं दोन्ही घरांची आठवतील तेवढी नावं गाण्यात घातली. माझ्या आईचं नाव आलं तेव्हा मी रडले. काशीआजीचं आलं तेव्हा अनंतानं माझ्याकडे चोरून पाहिलं. मग अक्षता पडल्या आणि मनुबाई लगबगीनं उठून गेली. पाणी उतरत होतं, तिची होडी चिखलात बसली असती.

३

जागा रोज पुसल्या जाऊ लागल्या. मी रोज कारण शोधायची. उंदीर. खेकडे. वाऱ्याची झुळूक. एकदा तर मी बांधावरच्या कुत्र्यावर आळ घेतला, बिचारं तीन पायांचं होतं.

मग आवाज. आत शिरलं की काही नाही. पण बाहेर भांडी घासायला बसलं की खोलीतून कुणी खाकरल्यासारखं यायचं. बांगड्या किणकिणायच्या. जेवण वाढायला उशीर झाला की बसलेली माणसं एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर होतात, तो आवाज. ऐन दुपारी, लख्ख उन्हात. मी राखेचा हात तसाच घेऊन दारात जायची आणि आत चूल, मडकी, आमचं एक अंथरूण. माझ्या अंगावर सर्रकन काटा यायचा, आणि मग मीच मला म्हणायची, केसर, उपाशीपोटी उन्हात बसतेस, आणखी काय होणार तुझं.

अनंताला सांगितलं. तो हसला. पण हसताना तो मागच्या दाराशी बसला होता आणि मी पुढच्या. तेव्हा ध्यानात आलं नाही. दोन-चार दिवसांनी आलं. जेवायला तो शेताकडच्या भिंतीशी ताट घेऊन बसायचा, मी खाडीकडच्या. कुणी सांगितलं नव्हतं. मधून जायचं म्हटलं की पाय जड व्हायचे. अंथरुणंसुद्धा एकाची दोन झाली. दोन महिन्यांचं लग्न आमचं! एकमेकांना पाहिल्याशिवाय घास न गिळणारी माणसं आम्ही.

एके दिवशी मी बोंबलाची चटणी वाढली. त्यानं ताट सरकवलं.

"तुमच्या लोकांच्या हाताचा वास जात न्हाय," तो म्हणाला.

मी गप्प बसले असते तर केसर कसली? "आणि तुमच्या म्हातारीनं माझी आई मारली," मी म्हणाले.

दोघंही एकदम थांबलो. त्याच्या तोंडून असलं कधी आलं नव्हतं, माझ्याही नाही. तो पांढरा पडला होता. त्याच्या मागे भिंतीशी कुणीतरी समाधानानं पाठ टेकल्यासारखा आवाज झाला. माझ्या मागेही.

मला दिवस गेले होते. त्याला अजून सांगितलंही नव्हतं. आता सांगायचं तरी कुणाला, या माणसाला की त्याच्या मागे बसलेल्यांना? मी गाठोडं बांधलं. कुठे जाणार ठाऊक नव्हतं, पण त्या खोलीत राहिले असते तर आठवड्याभरात आमचं लग्न मोडलं असतं, एवढं मात्र मला स्वच्छ कळत होतं. जाता जाता मनुबाईचं घर लागतं. म्हटलं, लग्न लावलंस, तूच मोडलेलं बघ.

४

मनुबाई अंगणात जवळा निवडत बसली होती. माझं सगळं ऐकून घेतलं, एकदाही अडवलं नाही. मग तिचा हात सुपात थांबला.

"विडे," ती म्हणाली.

"कसले विडे?"

"निरोपाचे. बोलावलेल्यांना आवतण दिलं की उठायचा विडा पण द्यायला लागतो. त्याबिगर कोण उठेल पंगतीतून? मी होडीच्या घाईत..." तिनं कपाळावर हात मारून घेतला. "गो माझे बाय! दोन महिने सगळी तुझ्या घरात बसलीत."

मला हसावं की रडावं कळेना. "मग आता दे ना! मी पानं आणते, चल."

"माझ्या हातचा चालत न्हाय. घरच्या वडीलधाऱ्यानं द्यायचा. आणि आपल्या मेलेल्यांना न्हाय, व्याह्याच्या. अंबाजीनं तुझ्या आईला हात जोडायचे, तुझ्या बानं काशीला." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "माणसं रुसून बसलीत पोरी. दोन घरची, पाठीला पाठ लावून. जित्यांनी रुसवा सोडल्याबिगर ती कशी उठणार?"

५

मी गाठोडं मनुबाईकडेच टाकलं, परत गेले, अनंताला विड्याचं सांगून त्याच्या घरी पाठवलं आणि स्वतः होडीत बसले.

बा अंगणात जाळं विणत होता. लग्नानंतर पहिल्यांदा समोर आले. त्यानं मान वर केली नाही.

"ओसरीला पाय लावू नको."

"लावत नाही. निरोप सांगून जाते. आई माझ्या घरी आहे."

सुई थांबली. "काय वात्रटपणा हाय हा?"

"मनुबाईनं लग्नात बोलावलं होतं तिला. दोन महिने भिंतीला टेकून बसलीय, कुणी पाणी विचारलं नाही. मला ठाऊकच नव्हतं, बा." माझा आवाज फुटला. "तिला उठवायचं तर अंबाजींनी तिला विडा द्यायला हवा आणि तू काशीआजीला."

वाटलं, आता सुई फेकून मारतो.

"कशी दिसते?" त्यानं विचारलं.

"दिसत नाही. जागा ओली असते फक्त."

बानं जाळं बाजूला ठेवलं आणि सदरा शोधायला घरात गेला.

तिकडची हकीकत अनंतानं नंतर सांगितली. सासऱ्यांनी पोराला खुळ्यात काढलं. पण सासू, आवडाबाई, चुलीपुढून उठली, पानाचा डबा काखेत मारला आणि म्हणाली, "माझी सासू तिथं उपाशी बसली असंल तर मी चालले. तुम्ही बसा घर धरून." ती वेशीपर्यंत पोचेतो सासरे चपला घालून मागे आले होते.

६

चैत्रातली दुपार. दोन्ही दारं सताड उघडी. बा पुढच्या दारानं आला, सासरे मागच्या. मध्ये पांढरं मीठ, दोघांपैकी कुणी त्यावर पाय ठेवेना. भिंतींच्या कडेनं त्या पुसलेल्या जागा. सासऱ्यांनी त्या पाहिल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रग उतरली.

मनुबाई बारीक आवाजात नावं घेऊ लागली. पहिलं माझ्या आईचं. सासरे जागचे हलेनात. मग आवडाबाईनं मागून त्यांना असं ढोसलं की दोन पावलं मिठात पडलीच. ते खाडीकडच्या भिंतीशी गेले, ओल्या जागेपुढे वाकले आणि दोन्ही हातांनी विडा ठेवला.

"विहिणबाई," ते पुटपुटले, "पोर सांभाळू. या आता."

माझ्या शेजारी बा उभा होता. त्याच्या घशातून हुंदका आला, तो त्यानं खोकल्यात लपवला. त्यानंतर तोही निघाला. एकेक नाव, एकेक विडा. सगळ्यात शेवटी काशीआजी, दाराशी, चिखलाच्या जागेत. बा तिथे थबकला.

"हिला न्हाय."

"मग ती बसून राहील," मनुबाई म्हणाली.

बानं विडा ठेवला नाही, टाकला. "जा," एवढंच म्हणाला.

क्षणभर काही झालं नाही. मग मीठ करकरलं. मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर, जिथे दोन महिन्यांत त्यांचा एक ठसा उमटला नव्हता, तिथे ठसे पडत गेले. ओले आणि कोरडे, एकमेकांत मिसळून, कधी या दाराकडे, कधी त्या. खाडीकडच्या दारात मला हिरव्या लुगड्याचा काठ दिसला. पापणी लवेपर्यंत. आईनं मागे वळून पाहिलं नाही. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग खोली एकदम मोठी झाली. अनंता माझ्या बाजूला उभा होता आणि त्याचा हात माझ्या हातात होता. तो मधून केव्हा चालत आला ते मला कळलं नाही. मी तिथेच, चौघांसमोर, दिवस गेल्याचं सांगून टाकलं. आवडाबाई रडली, मनुबाईनं शिवी हासडली, आणि बा नि सासरे एकमेकांकडे न बघता एकाच वेळी "बस, बस" म्हणत मला बसवायला धावले. त्या संध्याकाळी सगळे तिथेच जेवले. कालवणात चिंच जास्त झाली की कोकम हवं होतं, यावरून दोन व्याही तासभर भांडले. इतकं गोड भांडण मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

सकाळी विडे गोळा करायला गेले. रात्रीत सगळे वाळून काळे पडले होते. एकच हिरवागार होता, दाराशी, बानं टाकलेला.

७

मी तो उचलला नाही. कुणाला सांगितलंही नाही. नुकती कुठे घडी बसत होती. मी त्याच्या भोवतीनं झाडायची.

पावसाळा आला. खोलीची जमीन पायाखाली ओलीचिंब झाली, पण दाराशी पाटाएवढी जागा कोरडी राहिली आणि तिच्यावर चैत्रातलं पान हिरवं. माझं पोट वाढत होतं. जी माझ्या आईसाठी आली नाही, ती माझ्या घरात ठाण मांडून बसली होती. कशाची वाट बघतेय ही? असं मनात आलं की पोटातलं बाळ लाथ मारायचं आणि मी त्या जागेकडे पाठ करून बसायची. बाळंतपणाला सासूकडे जायचं ठरलं होतं. दिवस भरायला पंधरा दिवस होते.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या. अनंता आईला आणायला धावत गेला आणि त्याच्या मागे उधाणाचं पाणी बांधावर चढलं. ऐन अवसेची भरती, दुपारी बाराची. दोन्ही दारांतून मला नुसतं पाणी दिसत होतं. वाट बुडाली. मी एकटी. आई अशीच गेली होती, हे सोडून दुसरा विचार मनात येईना. भ्याले मी. बोंबलून हाका मारल्या, दोन्ही काठांना. कोण ऐकणार?

मग कळेच्या भरात मला खोलीत तुसाचा वास आला. तांदूळ कांडताना येतो तो. बरगड्यांखाली कुणीतरी हात ठेवला, खरखरीत, गरम. पुढचं मला धड आठवत नाही. मी भ्रमात असेन, असंच मी आजही लोकांना सांगते. पण एकदा मान वळली आणि मला पाय दिसले. म्हातारीचे, लुगडं वर खोचलेलं, आणि गुडघ्यांपर्यंत खाडीचा काळा चिखल. पाण्यात उतरल्याशिवाय तेवढा चिखल लागत नाही.

ती निघाली होती. अर्ध्या खाडीपर्यंत आली होती.

पाणी उतरल्यावर अनंता आणि आवडाबाई धापा टाकत आले तेव्हा पोरगी माझ्या छातीशी होती, लालबुंद, रडणारी. आवडाबाईनं तिला हातात घेतलं आणि नाळेकडे बघत राहिली. बानं दिलेलं जाळ्याचं सूत घरात होतं, त्याच सुतानं नाळ बांधली होती.

"ही गाठ तू मारलीस?"

मी पाहिलं. आम्हा कोळ्यांची गाठ मला झोपेत येते. ही ती नव्हती. भाताचा भारा बांधतात तशी होती.

"मला येत नाही ती," मी म्हणाले.

"सासूबाईंची हाय," आवडाबाई हळूच म्हणाली आणि खाली बसली.

दुसऱ्या दिवशी बा नातीला बघायला आला. मी त्याला चिखलाचं सांगितलं. गुडघ्यांपर्यंत, असं हातानं दाखवलं. वीस वर्षांचा राग होता त्याचा. मग उठला, दाराशी गेला, तो हिरवा विडा उचलला, धोतरानं पुसला आणि दोन्ही हातांनी परत ठेवला.

"बय," तो म्हणाला, "पोचलीस. उशिरा का होईना, पोचलीस. जा आता घरी."

आमची थोरली आता दहा वर्षांची आहे. तेव्हा बा येऊन गेल्यावर दुसऱ्या सकाळी मी बाळंतिणीच्या खाटेवरून पाहिलं, पान काळं पडलं होतं आणि त्या जागेवर, भिंतीपासून दारापर्यंत, मीठ फुलायला लागलं होतं. आवडाबाई झाडायला निघाली. मी तिला म्हटलं, "राहू द्या आज."